खूप, ढीगभर, सतराशे साठ : इंग्रजीतील अनौपचारिक विपुलतावाचक शब्द आणि त्यांचा अनुवाद

प्रास्ताविक

अनुवाद करताना कठीण शब्द सहसा दगा देत नाहीत. कठीण शब्द आला की आपण कोश उघडतो, दोन अर्थ ताडून पाहतो आणि त्यांतला एक निवडतो. दगा देतात ते सोपे वाटणारे शब्द. ते ओळखीचे असल्यामुळे आपण थांबतच नाही. एका संपर्कसत्रात अनुवादासाठी पुढील वाक्य दिले होते : 'आय हॅव टोल्ड यू अम्पटीन टाइम्स.' एका अभ्यासार्थ्याने त्याचे मराठी केले, 'मी तुला एकोणीस वेळा सांगितले आहे.' वर्गात हशा पिकला. त्याने आपले कारण मात्र शांतपणे सांगितले : थर्टीन, फोर्टीन, नाइन्टीन या सर्वांच्या शेवटी 'टीन' येते, म्हणून अम्पटीन हीदेखील तेरा ते एकोणीस यांमधली एखादी संख्या असणार. उत्तर चुकले, पण त्यामागचा विचार अर्धा बरोबर होता. तो कसा, हे या घटकात पुढे येईल.

'पुष्कळ' हा अर्थ सांगण्यासाठी इंग्रजी बोलभाषेत शब्दांचा मोठा साठा आहे : लॉट्स, लोड्स, हीप्स, पाइल्स, टन्स, बॅग्ज, ऊडल्स, डझन्स, स्कोअर्स, झिलियन्स. कथा, पत्रे, मुलाखती, बातम्या, चित्रपटांचे संवाद, यांपैकी काहीही अनुवादासाठी हाती घेतले तरी हे शब्द समोर येतात. या सर्वांना 'खूप' हे एकच मराठी रूप दिले तर वाक्य चुकत नाही, पण बोलणाऱ्याचा आवाज हरवतो. आणि त्यांचा शब्दशः अर्थ घेतला तर काय होते, हे 'घराला अनेक टन कामाची गरज होती' यासारख्या अनुवादांत दिसते.

वाट्यापासून विपुलतेपर्यंत : 'लॉट'चा प्रवास

या शब्दांपैकी सर्वांत अधिक वापरला जाणारा शब्द 'लॉट'. त्याचा इतिहास थोडा सविस्तर पाहू, कारण बाकीचे बरेच शब्द थोड्याफार फरकाने याच वाटेने गेले आहेत.

प्राचीन इंग्रजीत 'ह्लॉट' म्हणजे कौल लावण्यासाठी किंवा वाटणी ठरविण्यासाठी टाकला जाणारा लाकडाचा तुकडा वा तत्सम वस्तू. आपल्याकडे चिठ्ठ्या टाकतात, तसाच हा प्रकार. ज्याच्या नावाचा तुकडा निघेल त्याला तो हिस्सा मिळे. त्यामुळे लवकरच तुकड्याचे नाव हिश्श्यालाही लागू झाले. नशिबाने पदरात पडलेली स्थिती असाही अर्थ यातूनच आला. मराठीत आपण 'हे दुःख तिच्या वाट्याला आले' असे म्हणतो, तेथेही वाटणीचा 'वाटा' नशिबाच्या अर्थी उभा असतो. दोन भाषांनी एकमेकींची ओळख नसताना हाच मार्ग धरला, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. 'लॉटरी' हा शब्द याच कुळातला. घरांच्या वाटपाला आपण 'सोडत' आणि 'लॉटरी' ही दोन्ही नावे सहज वापरतो, तेव्हा नकळत त्या जुन्या लाकडी तुकड्याचीच आठवण ठेवत असतो.

हिश्श्याचा अर्थ पुढे जमिनीच्या तुकड्याला लागला. अमेरिकेत आजही मोकळ्या भूखंडाला 'लॉट' म्हणतात आणि वाहनतळाच्या 'पार्किंग लॉट'मध्येही तोच शब्द आहे. लिलावात एकत्र विकावयाच्या वस्तूंच्या गटालाही 'लॉट' म्हणू लागले. हा अर्थ तुम्हांला परका नाही. बाजार समितीत धान्याचा लॉट लागतो, कापड दुकानदार 'हा त्याच लॉटमधला रंग आहे' असे सांगतो. गट म्हटला की त्यात अनेक वस्तू आल्याच. या 'अनेक'पणावर हळूहळू भर पडत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत 'अ लॉट ऑफ' व 'लॉट्स ऑफ' यांना 'पुष्कळ' हा मोघम अर्थ प्राप्त झाला होता. आज 'अ लॉट ऑफ रेन' म्हणताना कोणाच्याही मनात चिठ्ठी, वाटा किंवा लिलाव येत नाही.

भाषाविज्ञानाच्या पुस्तिकेत तुम्ही अर्थविस्तार आणि अर्थसंकोच यांचा अभ्यास केला आहे. येथे अर्थविस्तार आहेच, पण आणखी एक गोष्ट घडली आहे. मूळ नामाचा रंग उडाला असून ते आता परिमाण दाखविण्याचे व्याकरणिक काम करते. या प्रक्रियेला व्याकरणीकरण म्हणतात. ती पूर्ण झाली आहे की नाही, हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे : वाक्यातील क्रियापद कोणाच्या मागे जाते ते पाहावे.

क्रियापद कोणाचे ऐकते?

'अ लॉट ऑफ पीपल आर वेटिंग' या वाक्यात 'लॉट' एकवचनी आहे. तोच कर्ता असता तर क्रियापद 'इज' आले असते. परंतु ते 'आर' आहे, म्हणजे क्रियापदाने 'लॉट'ला मागे टाकून 'पीपल'शी नाते जोडले आहे. याच्या उलट 'लॉट्स ऑफ टाइम वॉज वेस्टेड' यात 'लॉट्स' अनेकवचनी असूनही क्रियापद 'टाइम'प्रमाणे एकवचनी राहते. बोलताना 'देअर इज लोड्स ऑफ टाइम' असे म्हणतात, तेथेही हेच. आता 'अ ट्रकलोड ऑफ ब्रिक्स हॅज अराइव्हड' हे वाक्य पाहा. येथे खराखुरा ट्रक आलेला आहे, म्हणून क्रियापद 'ट्रकलोड'ला धरून एकवचनी राहिले.

मराठीत हा फरक नाही असे तुम्हांला वाटेल. तो आहे, आणि आपण तो रोज पाळतो. 'कपड्यांचा ढीग पडला आहे' आणि 'ढीगभर कपडे पडले आहेत' ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात 'ढीग' हा कर्ता असून 'कपडे' षष्ठीत गेले आहेत, म्हणून क्रियापद पुल्लिंगी एकवचनी आहे. दुसऱ्यात ढिगाला 'भर' जोडले गेले, तो विशेषणासारखा वागू लागला आणि क्रियापद कपड्यांकडे गेले. पहिल्या वाक्यात जमिनीवर ढीग दिसतो. दुसऱ्यात कपडे घरभर विखुरलेले असले तरी चालेल. जे काम इंग्रजी केवळ क्रियापदाच्या वचनाने करते, ते मराठी 'चा ढीग' आणि 'ढीगभर' अशा दोन वेगळ्या रचनांनी करते.

अनुवादकाला याचा थेट उपयोग होतो. 'अ हीप ऑफ क्लोद्स वॉज लाइंग ऑन द फ्लोअर' याचे मराठी 'जमिनीवर कपड्यांचा ढीग पडला होता' असेच हवे. 'शी हॅज हीप्स ऑफ क्लोद्स' याचे मात्र 'तिच्याकडे कपड्यांचे ढीग आहेत' असे करू नये. 'तिच्याकडे ढीगभर कपडे आहेत' हे मराठी. 'पोतेभर', 'गाडाभर', 'खंडीभर' अशी रूपे ज्या भाषेत तयार आहेत, तिच्या अनुवादकाला इंग्रजी षष्ठीची ओझी वाहण्याचे कारण नाही.

माप, भांडे आणि ओझे

आता इतर काही शब्द थोडक्यात पाहू. 'हीप' हा प्राचीन इंग्रजी काळापासूनचा शब्द. रास आणि माणसांचा जमाव असे दोन्ही अर्थ त्याला तेव्हापासून आहेत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये 'हीप्स' इतका रुळला आहे की तेथे तो 'फार' या अर्थी विशेषणाच्या आधीही लावतात. 'पाइल' आणि 'स्टॅक' हे त्याचेच सोबती. 'लोड'चा मूळ अर्थ मार्ग, वाहून नेणे असा होता, त्यातून 'ओझे' आणि ओझ्यातून 'पुष्कळ'. मराठी तरुणांनी मात्र हा शब्द उचलून त्याला वेगळीच दिशा दिली. 'लोड घेऊ नकोस' यात ओझे मनावरचे आहे, विपुलतेचा मागमूस नाही. म्हणून 'डोन्ट वरी, वी हॅव लोड्स ऑफ टाइम' या वाक्याच्या अनुवादात 'लोड' हा शब्द तसाच ठेवण्याचा मोह आवरावा.

'टन'ची कथा अधिक रंजक आहे. हा शब्द मुळात मोठ्या पिंपाचे नाव होता. मद्याच्या व्यापारात असे एक पिंप २५२ गॅलनांचे धरत. जहाजात अशी किती पिंपे मावतील यावरून जहाजाची क्षमता ठरे. पिंपाचे नाव पुढे वजनाला मिळाले. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, अमेरिकी टन २,००० पौंडांचा आणि मेट्रिक टन १,००० किलोग्रॅमचा. इतकी काटेकोर व्याख्या असलेला शब्द बोलभाषेत आला की सगळा काटेकोरपणा बाजूला ठेवतो : 'टन्स ऑफ होमवर्क', 'टन्स ऑफ फ्रेंड्स'. आपल्याकडे २० मणांची १ खंडी होते, तरी 'खंडीभर कामे पडली आहेत' म्हणणाऱ्या गृहिणीला कोणी मणांचा हिशेब विचारत नाही. 'टन्स ऑफ वर्क'ला 'खंडीभर काम' इतका चपखल प्रतिशब्द दुसरा नाही, असे मला वाटते. अट एवढीच की बोलणारे पात्र 'खंडी' हा शब्द वापरील असे वाटले पाहिजे. न्यूयॉर्कच्या कार्यालयातील पंचविशीच्या तरुणाच्या तोंडी तो विचित्र वाटेल. तेथे 'ढिगाने काम' पुरे.

'बॅग्ज ऑफ टाइम', 'पॉट्स ऑफ मनी' ही ब्रिटिश वळणाची रूपे. 'अ बंच ऑफ' हे अमेरिकी बोलीत फार चालते. मूळ अर्थ घड, जुडगा. 'अ बंच ऑफ ग्रेप्स' म्हणजे द्राक्षांचा घडच, पण 'अ बंच ऑफ पीपल' म्हणजे काही माणसे, एक टोळके. येथे विपुलता बेताचीच असते, हेही ध्यानात ठेवा. असंख्य माणसांना कोणी 'बंच' म्हणत नाही.

संख्या, ज्या संख्या नाहीत

काही शब्द मापांतून न येता संख्यांतून आले आहेत, आणि अनुवादात खरा धोका त्यांच्यापाशी आहे.

'स्कोअर' म्हणजे २०. मूळ नॉर्स शब्दाचा अर्थ खाच. मोजताना काठीवर खाच पाडण्याची रीत होती, आणि वीस झाले की एक मोठी खाच. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे केलेल्या भाषणाच्या आरंभी ८७ वर्षांचा काळ याच विसांच्या हिशेबात सांगितला होता. आपल्याकडची 'कोडी'ही विसाचीच. क्रिकेटचा 'स्कोअर' त्याच खाचांतून आला आहे. एके काळी धावा खरोखरच काठीवर खाचा पाडून मोजत. परंतु एकवचनातील 'अ स्कोअर' नेमका २० असला, तरी अनेकवचनातील 'स्कोअर्स ऑफ' मोघम असतो. 'डझन' आणि 'डझन्स ऑफ' यांचे नातेही असेच.

समजा, तुम्ही एखाद्या वृत्तपत्राच्या अनुवाद विभागात काम करीत आहात. रात्री उशिरा एका अपघाताची बातमी येते : 'स्कोअर्स ऑफ पॅसेंजर्स वेअर इंज्युअर्ड.' घाईत तुम्ही लिहिता, 'वीस प्रवासी जखमी'. मूळ बातमीदाराला आकडा मिळालेला नव्हता, म्हणूनच त्याने 'स्कोअर्स' लिहिले. आता सकाळी आकडा तुमच्या नावावर छापून येतो. एखाद्या घरात तो वाचून कोणी निश्चिंत होते, कोणी अधिक घाबरते. मोघम शब्दाला नेमकेपणा देणे ही अनुवादातील लहान चूक नव्हे, ती वस्तुस्थितीची चूक आहे. 'अनेक प्रवासी जखमी' किंवा प्रमाण मोठे असेल तर 'मोठ्या संख्येने प्रवासी जखमी' एवढेच म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे.

'बिलियन'ची गोष्ट याच्या नेमकी उलट. तो नेमका आकडा आहे, पण त्याची किंमत बदलली. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन मिलियन, आपल्या भाषेत १ लाख कोटी. अमेरिकेत तो १ अब्ज, म्हणजे १०० कोटी. ब्रिटिश सरकारने १९७४ मध्ये अमेरिकी अर्थ अधिकृतपणे स्वीकारला. त्याआधीच्या ब्रिटिश पुस्तकाचा अनुवाद करताना हा शब्द आला तर लेखकाला कोणता बिलियन अभिप्रेत आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हजारपटीचा फरक आहे.

'मिलियन' हा शब्ददेखील मुळात थोडा अतिशयोक्तच. इटालियन भाषेत 'हजार' या शब्दाला मोठेपणाचा प्रत्यय लावून तो घडला, म्हणजे जणू 'थोरला हजार'. पुढे त्याच साच्यात अमेरिकी बोलीने गमतीने काही शब्द ओतले : झिलियन, जिलियन, बझिलियन, गझिलियन. हे ऐकताना संख्या वाटतात, पण कोणत्याही गणिताच्या पुस्तकात सापडणार नाहीत. यांचे मराठी 'अब्जावधी' करणे मला पटत नाही, कारण 'अब्जावधी'ला अजून अर्थसंकल्पाचा वास आहे. 'आय हॅव अ झिलियन थिंग्ज टू डू' यासाठी 'मला हजार कामे आहेत' हे पुरेसे आहे. झिलियनचा हजार झाला म्हणून घाबरू नका. अतिशयोक्तीचे मोजमाप आकड्यावर ठरत नाही, त्या त्या भाषेतील सवयीवर ठरते.

आता 'अम्पटीन'. तारायंत्राच्या मोर्स लिपीत टिंब आणि रेघ अशी दोन चिन्हे असतात. त्यांपैकी रेघेला बोलीत 'अम्पटी' म्हणत. या अर्थहीन शब्दाला मग 'कितीतरी' असा अनिश्चित संख्येचा अर्थ मिळाला आणि त्याला थर्टीन, फोर्टीनमधले 'टीन' जोडून 'अम्पटीन' तयार झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सैनिकांच्या बोलीत तो चालू लागला. संपर्कसत्रातल्या त्या अभ्यासार्थ्याने 'टीन' बरोबर ओळखले होते. घडविणाऱ्यांनी ते मुद्दामच तेथे ठेवले, संख्येचा भास व्हावा म्हणून.

मराठीला असे नवे शब्द घडवावे लागले नाहीत. आपण खऱ्या संख्यांनाच मोघम केले. 'असे छप्पन्न पाहिलेत', 'त्याच्या सतराशे साठ अडचणी', 'तुला शंभरदा सांगितले'. या वाक्यांत ५६, १७६० आणि १०० मोजायला कोणी बसत नाही. म्हणून प्रारंभीच्या वाक्याचे साधे मराठी होते, 'तुला शंभरदा सांगितलंय'. आई मुलाला रागावत असेल तर हेच. एखादा त्रासलेला कारकून म्हणत असेल, 'देअर आर अम्पटीन फॉर्म्स टू फिल', तर 'सतराशे साठ अर्ज भरावे लागतात'. 'सतराशे साठ'मध्ये वैताग आहे, 'शंभरदा'मध्ये कळकळ. अम्पटीनमध्ये दोन्ही मावतात, मराठीत निवड करावी लागते.

जाता जाता एक आपल्याकडचे भर घातलेले रूप : भारतीय महाविद्यालयांत आणि कार्यालयांत 'एन नंबर ऑफ टाइम्स' सर्रास ऐकू येते. बीजगणितातील 'एन' थेट बोलण्यात आला. भारताबाहेरच्या इंग्रजी भाषकाला तो चटकन कळेलच असे नाही. तेथे लिहिताना वा बोलताना तो टाळलेला बरा.

आयर्लंडचे देणे

'गलोर' हा शब्द नामाच्या नंतर येतो : 'मँगोज गलोर'. इंग्रजीच्या मानाने हा क्रम चमत्कारिक आहे, आणि त्याचे कारण शब्दाच्या जन्मात आहे. आयरिश भाषेतील 'पुरेसे, भरपूर' या अर्थाच्या 'गो लोर' या शब्दद्वयापासून तो आला आणि येताना आपली जागाही घेऊन आला. कॉम्प्टन मॅकेंझी यांच्या १९४७ च्या 'व्हिस्की गलोर' या विनोदी कादंबरीच्या नावात हा क्रम दिसतो. स्कॉटलंडच्या एका बेटाजवळ व्हिस्कीने भरलेले जहाज फुटते आणि बेटावरच्या लोकांची चंगळ होते, असा तिचा विषय. १९४१ मध्ये एरिस्के बेटाजवळ घडलेल्या खऱ्या घटनेचा तिला आधार आहे.

'गलोर'साठी एखादा शब्द शोधण्याऐवजी रचना शोधावी, असे मी सुचवीन. मराठीत विपुलता दाखविण्याची एक हक्काची रचना आहे : आंबेच आंबे, पाणीच पाणी, माणसेच माणसे. द्विरुक्ती आणि मधला 'च'. 'मँगोज गलोर'ला 'आंबेच आंबे' इतके जवळचे दुसरे काही सुचत नाही. अनुवादक शब्दाला शब्द देण्याच्या नादात असतो तेव्हा या गोष्टी त्याच्या हातून निसटतात.

'अ स्लू ऑफ' हाही आयरिश वंशाचाच. मूळ शब्दाचा अर्थ जमाव, सेना. हा शब्द अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुळला. 'स्लोगन' या शब्दाच्या पोटातही तीच सेना आहे. स्कॉटिश गेलिक भाषेत तो युद्धघोषाचा शब्द होता. मराठीत 'पोरांची पलटण' किंवा 'नातेवाइकांची फौज' म्हणतो, तेव्हा आपणही सैन्यानेच मोजत असतो. परंतु वृत्तपत्री इंग्रजीतील 'अ स्लू ऑफ मेझर्स'साठी फौज बोलावू नये. तेथे 'उपायांची मालिका' ठीक.

'ऊडल्स' आणि 'स्कॅड्स' हे दोन अमेरिकी शब्द एकोणिसाव्या शतकातले. त्यांचा उगम कोशकारांना लावता आलेला नाही. 'ऊडल्स' ऐकायलाच गोड आणि किंचित खट्याळ. तो प्रेम, मोहकपणा, खाण्याच्या वस्तू यांच्याबरोबर शोभतो.

कोणता शब्द कोठे?

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी करीत शिकत आहेत आणि इंग्रजीत अर्ज, अहवाल, ई-पत्रे लिहीत आहेत. म्हणून व्यवहाराची बाब सांगतो. 'अ लॉट ऑफ' साध्या लेखनात चालतो. 'लोड्स', 'टन्स', 'हीप्स', 'ऊडल्स' हे बोलण्याचे आणि मित्राला लिहिण्याचे शब्द. बँकेला किंवा वरिष्ठांना लिहिताना 'मेनी', 'अ लार्ज नंबर ऑफ', 'अ ग्रेट डील ऑफ' हे शब्द घ्यावेत. 'अ लॉट' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ते जोडून लिहिणे चूक समजतात. आणखी एक : 'अ नंबर ऑफ पीपल'नंतर अनेकवचनी क्रियापद येते, 'द नंबर ऑफ पीपल'नंतर एकवचनी. कारण पहिले 'लॉट'सारखे परिमाण झाले आहे, दुसऱ्यात खरोखर संख्येबद्दलच विधान आहे.

मराठी भाषकांकडून होणारी एक नेहमीची चूक म्हणजे 'आय हॅव मच वर्क'. आपला 'खूप' मोजता येणाऱ्या, न येणाऱ्या सर्व वस्तूंना लागतो, म्हणून आपण 'मच' आणि 'मेनी' यांत अडखळतो. शिवाय बोलण्यातल्या होकारार्थी वाक्यात 'मच' कृत्रिम वाटतो. 'खूप'ची खरी जोडी 'अ लॉट'शी जमते : 'खूप पाणी', 'खूप माणसे', 'मला खूप आवडते' या तिन्ही ठिकाणी तो चालतो. फक्त 'खूप चांगला' येथे तो चालत नाही, तेथे 'व्हेरी' लागतो. पण 'खूप अधिक चांगला' म्हणायचे असेल तर पुन्हा 'अ लॉट बेटर' हजर.

उपरोधाकडेही लक्ष असू द्या. 'अ फॅट लॉट यू केअर' याचा अर्थ तुला अजिबात काळजी नाही. मराठी आईच्या तोंडचे 'मोठी काळजी आहे तुला!' हे त्याचे तंतोतंत रूप. 'थँक्स अ लॉट' बहुधा प्रामाणिक असते, 'थँक्स अ बंच' बहुधा टोमणा. चित्रपटांच्या संवादांत याहून रांगडी, शिवराळ रूपेही भेटतील. त्यांचा अनुवाद पात्राच्या तोंडाप्रमाणे करावा, पण स्वतः वापरण्यापूर्वी अर्थ पाहून घ्यावा.

मराठीच्या बाजूने पाहिले तर संपत्ती मोठी आहे, आणि प्रत्येक शब्दाचे सोबती ठरलेले आहेत. पाणी मुबलक, लेखन विपुल, आयुष्य उदंड, उत्साह अमाप, अनुभव दांडगा, गर्दी तोबा किंवा चिक्कार, पैसा रग्गड किंवा बक्कळ. 'पॉट्स ऑफ मनी'ला 'विपुल पैसा' म्हटले की बोलणारा एकदम शिक्षक वाटू लागतो. 'बक्कळ पैसा' म्हटले की तो जिवंत होतो. ग्रामीण पात्र असेल तर 'लई', 'मोप', 'मायंदाळ' हाताशी आहेत. मात्र लंडनच्या उपनगरातील पात्राला केवळ अनौपचारिक म्हणून आपल्या एखाद्या तालुक्याची बोली देऊ नका. अनौपचारिक म्हणजे ग्रामीण, हे समीकरण बरोबर नाही.

दवाखान्यातील एक प्रसंग

हा प्रसंग कल्पित आहे, पण परदेशी मुलाकडे जाऊन राहणाऱ्या कोणत्याही आईवर तो येऊ शकतो. आई इंग्लंडमध्ये आजारी पडते. तिला इंग्रजी येत नाही. मुलगा दुभाषा होतो. डॉक्टर विचारतात, कोणती औषधे घेता? वैतागून आई म्हणते, 'अरे, ढिगाने गोळ्या खाल्ल्या, काही उपयोग नाही.' मुलगा शब्दशः सांगतो, 'शी टुक अ हीप ऑफ टॅब्लेट्स.' डॉक्टरांच्या कानी जे पडते ते असे की या बाईंनी एकाच वेळी मूठभर गोळ्या घेतल्या आहेत. पुढची धावपळ तुम्ही कल्पनेने पाहू शकता.

कोठे चुकले? 'ढिगाने'मध्ये काळ दडलेला होता : वर्षानुवर्षे, निरनिराळ्या डॉक्टरांकडून. इंग्रजी वाक्यातील साध्या भूतकाळाने आणि 'अ हीप'च्या एकवचनाने तो काळ एका क्षणात गोळा केला. 'शी हॅज बीन ऑन अ लॉट ऑफ टॅब्लेट्स ओव्हर द इयर्स' असे म्हटले असते तर अर्थ पोहोचला असता. त्याहून चांगले म्हणजे मुलाने आधी तिला विचारायचे होते, 'आई, ढिगाने म्हणजे किती? आणि केव्हापासून?' उलट बाजूनेही हेच. इंग्रजी बोलणारा रुग्ण 'लोड्स' म्हणाला आणि दुभाष्याने स्वतःच्या मनाने 'दहा-बारा' असा आकडा घातला, तर तोही तितकाच दोषी. मोघम ते मोघमच पोहोचवायचे आणि आकडा हवा असेल तर बोलणाऱ्याकडूनच काढून घ्यायचा. न्यायालयातील साक्षीच्या अनुवादालाही हाच नियम लागू आहे.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचा मराठी अनुवाद करा. प्रत्येक ठिकाणी बोलणारी व्यक्ती कोण असेल ते आधी एका ओळीत लिहा. 'खूप' हा शब्द एकदाच वापरण्याची मुभा आहे.

१. 'वी हॅव बॅग्ज ऑफ टाइम, सिट डाउन.'

२. 'डझन्स ऑफ हाउसेस वेअर डॅमेज्ड इन द स्टॉर्म.'

३. 'देअर वॉज अ पाइल ऑफ लेटर्स ऑन हिज डेस्क.'

४. 'शी गॉट पाइल्स ऑफ लेटर्स आफ्टर द प्रोग्रॅम.'

५. 'ही हॅज टन्स ऑफ फ्रेंड्स अँड नॉट वन ऑफ देम केम.'

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांच्या मराठी रचनेत फरक का पडला, ते क्रियापदाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्ट करा. पाचव्या वाक्यासाठी निदान तीन पर्याय लिहून पाहा आणि ते मोठ्याने वाचून मगच एक ठेवा.